दुसरीच्या वहीतला पाऊस

आमच्या वेळी ऋतू आपापले येत आणि जात, शाळेला त्यांचं काही करावं लागत नसे. आता तसं राहिलेलं नाही. माझी नात नगरला सावेडीतल्या एका शाळेत दुसरीत आहे आणि प्रत्येक ऋतूला तिच्या दप्तरातून एक उपक्रम घरी येतो. हिवाळ्यात तिने हुरडा भाजतानाच्या वासावर पाच ओळी लिहिल्या. उन्हाळ्यात माठातल्या आणि बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून फरक सांगितला. यंदा जुलैत आली ती बाटली.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची, तिचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे झालं नरसाळं. तळाशी खडे टाकायचे, त्यावर शून्याच्या रेषेपर्यंत पाणी भरायचं आणि बाहेरून पट्टीचे आकडे चिकटवायचे. बाटली गच्चीत ठेवून रोज सकाळी किती मिलिमीटर पाऊस पडला ते वहीत लिहायचं आणि शनिवारी वर्गात वाचून दाखवायचं.

हे ऐकून मला काय स्फुरण चढलं म्हणून सांगू. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षं मी रोज पर्जन्यमापक वाचला. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. स्वतःच्या हळदीच्या दिवशीही मी आधी पाऊस मोजला आणि मग पाटावर बसलो. डोळ्यांनी न पाहिलेला आकडा मी कधी लिहिला नाही, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की माझं वाक्य आता सूनच पूर्ण करते. नातीला मात्र ते नवीन होतं. ती डोळे मोठे करून ऐकायची, आणि कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर मी आणखी सांगायचो.

अडचण एकच होती, नगरला पाऊस नव्हता. ढग यायचे, आमच्या डोक्यावरून तसेच पुढे निघून जायचे. पहिला आठवडा शून्य, दुसराही शून्य. त्यात आमच्याकडचं जुलैचं वारं. बाटलीतलं पाणी आटून शून्याच्याही खाली गेलं आणि आमच्या गच्चीवर उणे दोन मिलिमीटर पाऊस झाला. आता काय लिहायचं, असं नातीने विचारलं. उणे त्यांना अजून शिकवलेलं नव्हतं. मग मी रोज तांब्यातून थोडं पाणी घालून ते शून्यावर आणून द्यायला लागलो. त्यात लबाडी काही नव्हती, ते नियमातच बसत होतं.

पण शनिवारी वर्गात कोणाचा पाऊस पाच निघाला, कोणाचा नऊ, एकाचा तर बावीस. सगळे सावेडीतलेच. माझ्यासारख्या माणसाला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण समोर नात हुंदके देत होती. तिने बाटलीची जागा तीनदा बदलली. माझी मुलगी अकोले तालुक्यात दिली आहे, तिला फोन करून, आत्या, मी बाटली तुझ्याकडे ठेवते, असं सांगितलं. तिच्या सासूबाईंनी मधेच फोन घेऊन, इथं लई हाय, बादल्या घिऊन ये, अशी थट्टा केली, त्यावर ही आणखी रडली. आपल्याच गच्चीवर का पडत नाही, आपण काय केलं, एवढंच ती विचारत राहिली. गुरुवारी संध्याकाळी तिने जाहीर केलं की या शनिवारी ती शाळेत जाणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखा तांब्या घेऊन गच्चीत गेलो. पाणी शून्याच्या रेषेला लागलं आणि माझा हात काही थांबेना. अनुभव दांडगा, म्हणून पंधरा-वीस असलं काही केलं नाही. कोणालाही पटेल असं सात केलं. नरसाळ्याच्या काठावर चार थेंबही शिंपडले.

ती आली, वाकून पाहिलं आणि "सात" म्हणून तिने उडीच मारली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती थांबली. पायाने फरशी चाचपली. दोरीवर रात्रभर राहिलेला टॉवेल दाबून पाहिला. कठड्याच्या जाळीतून खाली माझ्या स्कूटरकडे पाहिलं. सीटवरच्या धुळीत तिने आदल्या दिवशी बोटाने काढलेलं फूल जसंच्या तसं होतं.

"आबा, तुम्ही ओतलं?"

मी हो म्हणालो. मला वाटलं, आता रडेल. तिने शांतपणे विचारलं, "ऑफिसात असताना पण ओतायचात?"

"नाही. कधीच नाही."

"मग माझ्याच वहीत का?"

तू रडत होतीस म्हणून, असं मी काहीतरी पुटपुटलो. उभ्या नोकरीत कुठल्या साहेबापुढे खाली गेली नव्हती ती मान सात वर्षांच्या पोरीपुढे खाली गेली. फार लाज वाटली. तिने माझ्याकडे पाठ करून वहीत काहीतरी लिहिलं आणि वही दप्तरात टाकली.

शनिवारी ती शाळेत गेली. दुपारी तिला आणायला गेलो तेव्हा मी गेटपासून जरा लांबच उभा राहिलो. पण तिचा हात धरून बाई थेट माझ्यापर्यंत आल्या आणि मला पाहून हसायलाच लागल्या. नातीने वर्गात उभं राहून वाचलं होतं, "शुक्रवार. पाऊस शून्य. आबांनी सात." त्यावर वर्गात एकेक हात वर यायला लागला. कोणाच्या आईने वाटीने घातलं होतं, कोणाच्या दादाने पिचकारीने. बावीसवाल्याच्या घरी कुंड्यांना पाणी घालायचा पाइपच बाटलीत सोडला होता. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, एक पावसाचा आणि एक घरच्यांचा. पावसाच्या रकान्यात सगळ्या वर्गाचं मिळून शून्य भरलं.

तुम्ही खात्यात होतात असं हिच्याकडून कळलं, बाई म्हणाल्या, सोमवारी वर्गात येऊन मुलांना पाऊस कसा मोजतात ते सांगाल का. एरवी मी त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं असतं. आता मी नातीकडे पाहिलं.

"ते सांगतील, बाई," ती म्हणाली. "पण आकडा मी वाचणार."