सूर कुणी दिला?

या पानावरचे लोकांचे अनुभव वाचताना मी प्रत्येकाला मनातल्या मनात एक कारण चिकटवते — पाइपातली हवा, अपुरी झोप, शेजारचा टीव्ही. एम.एस्सी. फिजिक्स करतेय, सवयच लागलीय. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय. पण माझ्याकडची कारणं संपली...

आम्ही झाशीचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. दतिया गेटजवळ घर आहे. माझं मराठी हिंदीच्या वळणानं जातं, सांभाळून घ्या.

आमच्या घरी आरतीची एक रीत होती. गणपतीत आजूबाजूचे सगळे यायचे. मराठी शब्द कुणाला येत नसत, पण उत्साह दांडगा! जो तो आपापल्या पट्टीत सुटायचा. म्हणून अप्पा आधी सूर द्यायचे. नाकानं जोरात श्वास घ्यायचे — सूंऽऽ — आणि मग ओठ मिटून खाली, अगदी खर्जात, 'हंऽऽ'. तो सूर स्थिर होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलंच तर अप्पा असे डोळे वटारायचे की मोठी माणसंसुद्धा गप्प.

दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला केलेल्या छिद्रातून ते श्वास घेतात. बोलणं ओठांनी आणि हातांनी. नाकाचा श्वासाशी संबंध उरलेला नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आरती आम्ही मनात म्हणायला लागलो. मी घरात गुणगुणणंही सोडलं. त्यांच्यासमोर गाणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट घेऊन बसणं, असं वाटायचं मला.

पण गायचं तर होतंच. खूप गायचं होतं. या वर्षी कॉलेजात अ कापेला ग्रुप निघाला — वाद्यं नाहीत, तबलासुद्धा तोंडानंच — आणि मी ऑडिशनला नाव दिलं. घरी सांगितलं, एक्स्ट्रा क्लास आहे. चक्क थाप.

ऑडिशन भर दुपारी, जुन्या इमारतीतल्या भूगोलाच्या खोलीत. लाइट गेलेली, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. आत आम्ही तिघंच. ग्रुपची लीडर रिचा दीदी, बीटबॉक्सवाला सौरभ आणि मी. सौरभ चिरगाँवहून बसनं येतो आणि दीदी सोडून कुणाला घाबरत नाही. नियम एकच, सुरासाठी ॲप किंवा फोन वापरायचा नाही. माझा फोन टेबलावर, दीदीच्या फोनखाली. तिच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू.

मला पाठ असं एकच होतं, घरची आरती. उभी राहिले... आणि सुरूच होईना. घाबरले नव्हते हो. मी वाट बघत होते! लहानपणापासून कुणीतरी सूर दिल्याशिवाय मी ती कधी सुरूच केलेली नाही. घसा तयार, शब्द तयार, आणि मी आपली ढिम्म.

"काए बिन्नू, सो गईं का?" सौरभ म्हणाला. बिन्नू म्हणजे इथल्या बुंदेलीत बहीण.

दीदीनं त्याला हातानं गप्प केलं. तेवढ्यात सूर आला. खाली, बारीक, पण स्वच्छ. मी विचारबिचार केला नाही, सवयीनं उचलला आणि आरती पूर्ण म्हटली. संपल्यावर बरं वाटलं, इतकंच आठवतं.

दीदीचा चेहरा मात्र कडक. "सुर किसने दिया?"

"हमने तो मुँह नहीं खोला, दीदी. कसम से!" सौरभ.

मग दीदी माझ्याकडे वळली. "शलाका, फोन पे कुछ चलाया था?" फोन तिच्याच फोनखाली होता, तरी तिनं उघडून तपासला. काहीच नव्हतं. "जब तक समझ में न आए, सिलेक्शन होल्ड पे है," म्हणाली. मला रडूच आलं. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, तर चोर ठरले. मी म्हटलं, रेकॉर्डिंग पाठवा, मी शोधते.

ते हेडफोन लावून ऐकलं. सौरभचं वाक्य, मग शांतता, मग — सूंऽऽ. नाकानं घेतलेला श्वास. आणि 'हंऽऽ'.

जिन्यातच बसून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

मग फिजिक्सवाली जागी झाली. ट्रान्सफॉर्मर? लाइटच नव्हती. जनरेटर? त्या इमारतीला नाही. खालून कुणी? खालच्या खोलीला कुलूप. घरातला जुना गणपतीचा व्हिडिओ काढून पट्टी ताडून पाहिली. तीच. श्वासही तसाच, शेवटी जरासा अडकणारा.

आता दीदीला काय सांगणार? आणि त्याहून अवघड, घरी काय सांगणार? तरी रेकॉर्डिंग अप्पांपासून लपवणं मला जमेना. तो आवाज त्यांचा होता, मी कोण ठेवून घेणारी?

चहा झाल्यावर त्यांच्याजवळ बसले. "अप्पा, मी खोटं बोलले. गायला गेले होते. रागवा, पण आधी हे ऐका."

रेकॉर्डिंग लावलं. सूर आला तशी आईच्या हातातली चाळणी खाली पडली. अप्पा हलले नाहीत. मग बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा आई रडत उठून आत गेली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि... डोळे वटारले. मला कळेचना. त्यांनी एक हात आडवा धरून स्थिर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट मध्येच त्यात घुसवलं, मग माझ्याकडे रोखलं.

मी घाई केली होती. सूर स्थिर व्हायच्या आत तोंड उघडलं होतं. परत ऐकलं तर खरंच की!

मी हसायला लागले, मग रडायला. अप्पांचे खांदे हलत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो.

दीदीला मी सगळं खरं सांगितलं. ती घरी आली, अप्पांना वाकून नमस्कार केला, जुना व्हिडिओ ऐकला. जाताना एवढंच म्हणाली, "सोमवार से प्रैक्टिस है, शलाका. टाइम पे आना." मी आता ग्रुपमध्ये खालचा आवाज लावते. तो सूर पुन्हा कधी आला नाही. मी मात्र प्रत्येक वेळी क्षणभर थांबते, आणि सौरभ प्रत्येक वेळी विचारतो, "सो गईं का?"

त्या दुपारी अप्पा काय करत होते, तेही विचारलं. आई म्हणाली, जेवून झोपले होते. अप्पांनी नुसते खांदे उडवले. स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचीन... पटेलच असं नाही.

आमच्या घरी संध्याकाळची आरती पुन्हा मोठ्यानं होते. अप्पा देवापुढे उभे राहतात, खिशातून फोन काढतात आणि रेकॉर्डिंगचा तेवढाच तुकडा लावतात — सूंऽऽ... हंऽऽ. एक हात वर धरून ठेवतात. तो खाली येईपर्यंत आम्ही कुणीही तोंड उघडत नाही.