कुटाइसीतलं जादाचं ताट

ख्रिसमस हा साऱ्या जगाला एकाच दिवशी एका टेबलाभोवती बसवणारा सण आहे, याबद्दल आता फारसं कुणाचं दुमत नसावं. आम्ही तो ज्या देशात साजरा केला, तिथं तो त्या दिवशी नव्हता.

हे आम्हाला चोवीस डिसेंबरच्या सकाळी कळलं. जॉर्जियातल्या कुटाइसी गावात आम्ही तिघं ज्या घरात उतरलो होतो, तिथल्या मालकीणबाई डोक्याला रुमाल बांधून मुलीच्या गावाला निघाल्या होत्या. आमची धांदल पाहून त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, आज काय आहे? आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, ख्रिसमस! त्यांनी क्षणभर आमच्याकडं पाहिलं.

"ख्रिसमस सात जानेवारीला," त्या म्हणाल्या. "आज बुधवार."

उद्या सकाळी येते म्हणाल्या, किल्ली दिली आणि गेल्या.

आम्ही तिघं म्हणजे पोलंडची एक परिचारिका, वय चाळीस. ब्राझीलचा एक तरुण, ज्याला कुटाइसीतली थंडी हा स्वतःचा व्यक्तिशः अपमान वाटत होता. आणि मी, सोलापुरातल्या एका कॉलेजची ग्रंथपाल. कॉलेजातल्या निम्म्या लोकांचा समज मी अमेरिकेतल्या जॉर्जियाला गेले असा होता. रजा मंजूर होण्यात त्या समजाचा वाटा असावा, म्हणून मी तो दुरुस्त केला नाही.

आमची ओळख चार दिवसांची. राजधानी तिबिलिसीहून कुटाइसीला येताना आम्ही एका छोट्या गाडीत अडकलो होतो. गाडी भरल्याशिवाय सुटत नव्हती आणि भरतही नव्हती. ते दोघं दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मी मात्र मंगळवेढ्याच्या वडापच्या जीपमध्ये लहानाची मोठी झालेली. "ड्रायव्हर चहा पिऊन आत बसेल," मी सांगितलं. "मग पुन्हा उतरेल. मग दोन माणसं पळत येतील. मग सुटेल." तसंच झालं, आणि माणसंही दोनच आली. तेव्हापासून त्या देशातलं मला सगळं कळतं, असं त्या दोघांनी धरून टाकलं. चार दिवस मी त्या कीर्तीवर जगले.

तर बुधवार तर बुधवार. "उलट बरं," ब्राझीलवाला म्हणाला, "आज हा सण फक्त आपला. कुणाची स्पर्धा नाही." आणि तो अंगणात पळाला. अंगणात एक झाड होतं. त्याची पानं सगळी झडलेली, पण फांद्यांवर टोमॅटोएवढी नारिंगी फळं लगडलेली. दिव्यांच्या माळा लावायला याहून चांगलं झाड कोणत्याही ख्रिसमस-कार्डावर मी पाहिलेलं नाही. कुंपणाला एक लाकडी शिडी टेकवून ठेवली होती. ती आम्ही घेतली. ब्राझीलवाला वर चढला, मी खाली शिडी धरली आणि पोलंडवाली दुरून "डावीकडं! अजून डावीकडं!" ओरडत राहिली. शिडी आमची नव्हती. मालकीणबाईंची असणार, एवढा विचार आम्ही केला. त्याहून जास्त केला नाही.

स्वयंपाकाची सूत्रं पोलंडवालीकडं. त्यांच्याकडं चोवीस तारखेची संध्याकाळ हाच खरा सण. मांस नाही, आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवण नाही, आणि पदार्थ बारा. दुपारी आम्ही सातवर अडकलो. मी माझ्या पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे मी ठामपणे मांडलं आणि ते मान्य झालं. उकडलेले बटाटे आणि परतलेले बटाटे हेही वेगळे धरून आम्ही अकराला पोचलो. बारावा पदार्थ झाडावरून तोडला.

मग तिनं टेबलावर ताटं मांडली. चार.

"आपण तीन आहोत," ब्राझीलवाला म्हणाला.

"चौथं न बोलावलेल्या पाहुण्याचं," ती म्हणाली. "कुणीही येऊ शकतं. आलं तर बसवायचं, वाढायचं. कोण, कुठला, कशाला आलास, विचारायचं नाही."

"येतं कुणी?" मी विचारलं.

ती काटे-चमचे सरळ करत होती. करतच राहिली. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. बाबा दरवर्षी मांडतात. आणि जेवणं झाली की ते न वापरलेलं ताटसुद्धा धुऊन ठेवतात." मग म्हणाली, "मी ठरवलंय. यंदा कुणी आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हे ताट मांडायचं नाही. बाबांनाही सांगणार आहे की पुरे आता. ते ताट धुताना त्यांच्याकडं बघवत नाही मला."

मी सांगितलं की आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत निम्मे लोक न बोलावलेलेच असतात, आणि त्यांना ताटं कमी पडतात. तिला ते फार आवडलं. "तुमच्याकडं यायला हवं," ती म्हणाली. मी म्हटलं, "ये की. बोलावत नाही, नुसती ये."

पण गंमत बाजूला. एखादं ताट वाढून ठेवायचं आणि त्यावर कुणी बसायचं नाही, हे सोलापूरच्या माणसाला सहन होण्यासारखं नाही. आमच्याकडं पंगतीत एक पान मोकळं दिसलं, तर यजमान रस्त्यावरून माणूस धरून आणतो; त्याचं जेवण झालेलं असलं तरी. साडेचारच्या सुमारास मी पाय मोकळे करते असं सांगून फाटकाशी जाऊन उभी राहिले. खरेदीच्या पिशव्या घेऊन एक बाई गेल्या. मी हसले. त्याही हसल्या आणि झपाझप निघून गेल्या. मग सायकलवरून एक गृहस्थ आले. त्यांना मी हातानं 'या, या' अशी खूण केली. त्यांनी सायकलचा वेग वाढवला.

"तू बोलावतेयस!" मागून पोलंडवालीचा आवाज आला.

"मी नुसती उभी आहे."

"हात हलवत?"

"थंडी आहे म्हणून."

"बोलावून आणलेला चालत नाही," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण माझा दंड धरून मला आत घेऊन गेली. "चाळीस वर्षं आम्हीही फाटकात जाऊन कुणाला ओढून आणू शकलो असतो."

तेवढ्यात आईचा फोन. आई मूळची मंगळवेढ्याची. फोनवर ती नेहमी शेतातून हाक मारल्यासारखी बोलते.

"जेवलीस का? तितं काय खायला मिळतंय का न्हाय?"

"मिळतंय गं. आज ख्रिसमस आहे आमचा."

"आमचा? कदीपासनं?"

"आजच्यापुरता. माणसं चांगली आहेत, आई. पाहुण्याची वाट बघतोय."

"मग ते टावेल-टोपी दिलीस का न्हाय कुणाला? का तशीच परत आणतीस? पोरी, लई हौसेनं बांधून दिलंय मी. रिकाम्या हातानं आलेला पाव्हणा रिकाम्या हातानं जाऊ नये, कळलं का?"

टॉवेल-टोपी माझ्या सामानात तळाशी होती. आईनं जबरदस्तीनं कोंबलेली. इथं एक कबुली द्यायला हवी: सत्काराचा मला मनापासून कंटाळा आहे. कॉलेजच्या सत्कार समितीवर मी नऊ वर्षं आहे, कारण शालींचं कपाट ग्रंथालयात आहे. नारळ कुणाच्या हातात, शाल कुणाच्या खांद्यावर, फोटोसाठी ती पुन्हा एकदा कुणाच्या खांद्यावर, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शाल आणि माणूस यांत सन्मान नक्की कुणाचा होतो, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. एक शाल तर मी तीन वेगवेगळ्या विद्वानांच्या अंगावर पाहिली आहे. तिघांपेक्षा ती कपाटालाच बरी शोभत होती.

साडेपाचला अंधारू लागलं. आभाळ ढगाळ, चांदणीचा पत्ता नाही. तिघं अंगणात माना वर करून उभे. ब्राझीलवाला ओरडला, "दिसली!" तो मोबाइलच्या टॉवरचा लाल दिवा होता. पोलंडवालीनं बराच विचार करून तो मान्य केला. मी दिव्यांची कळ दाबली, झाड एकदम पेटल्यासारखं उजळलं, आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि फाटक वाजलं.

साठीचा एक माणूस आत आला. मिशा पांढऱ्या, बुटांना चिखल, अंगात कामावरचा जाड कोट. तो काहीतरी म्हणाला. कुणालाच कळलं नाही. त्यानं झाडाकडं हात केला. आम्ही सगळ्यांनी झाडाकडं पाहून माना डोलावल्या. दिवे सुंदरच दिसत होते. त्यानं पुन्हा हात केला, जरा जोरात. आम्ही पुन्हा माना डोलावल्या.

मी पोलंडवालीकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"कोणी बोलावलं यांना?" तिनं माझ्याकडं बघून हळूच विचारलं.

"मी नाही. शपथ."

"खरं सांग!"

"आईची शपथ. हा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही."

माझ्या अंगावर काटा आला होता, हे लिहायला मला संकोच वाटतो. पण आला होता. ब्राझीलवाल्यानं मोबाइल काढून भाषांतर करायचं म्हटलं, तर ती त्याच्यावर ओरडलीच, "विचारायचं नाही! नियम आहे!" त्यानं मोबाइल खिशात टाकला. तिनं त्या माणसाचा हात धरला आणि त्याला आत आणून चौथ्या ताटावर बसवलं. तो कोट काढायला तयार नव्हता. दारातून मागं वळून वळून झाडाकडं बघत होता. मग त्याच्यापुढं बिटाचं सूप आलं, बटाटे आले, दुसरे बटाटे आले, आणि त्यानं कोट काढला.

आम्ही तिघांनी एवढं वाढलं की त्याचं ताट दिसेना. जेवणाआधी एकमेकांना मोडून द्यायची पातळ पांढरी पापडी पोलंडवालीनं घरून आणली होती. ती तिघांपुरतीच होती. मग मी कडक भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली. कडाक आवाज झाला. त्यानं तुकडा उलटासुलटा करून पाहिला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग मान हलवली आणि आणखी मागितली. शेंगाचटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं; तेही आम्हाला त्या क्षणी योग्यच वाटलं.

त्यानं पेला उचलला, उभा राहिला आणि बोलू लागला. त्या देशात पेला हातात आला की माणूस भाषण केल्याशिवाय खाली बसत नाही. तो पाच-सात मिनिटं बोलला. मधूनच खिडकीबाहेर बोट दाखवायचा, दोन्ही हात वर उंच न्यायचा, आभाळाकडं बघायचा. नऊ वर्षं मी भाषणं ऐकत आले आहे. एकही शब्द न कळता शेवटपर्यंत ऐकलेलं हे पहिलंच. ब्राझीलवाला माझ्या कानात म्हणाला, "स्वर्गाबद्दल बोलतोय." मलाही तसंच वाटत होतं.

"आता तुमच्याकडं काय करतात?" पोलंडवालीनं मला विचारलं. "असा पाहुणा आला की?"

तिचा चेहरा असा झाला होता की नाही म्हणणं शक्यच नव्हतं. मी धावत जाऊन टॉवेल-टोपी काढली. नारळ नव्हता, टेबलावर डाळिंब होतं. सांगोल्याच्या कुणा बागायतदाराला हा बदल पटला असता. मी त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर सोलापुरी टॉवेल टाकला, हातात डाळिंब दिलं, आणि जे शब्द इतरांच्या तोंडून ऐकताना मी वर्षानुवर्षं घड्याळ बघितलं, तेच शब्द माझ्या तोंडून खणखणीत आवाजात बाहेर पडले: "आज आपल्याला लाभलेल्या सन्माननीय पाहुण्यांचं मी सर्वांच्या वतीनं हार्दिक स्वागत करते!" ब्राझीलवाल्यानं शिट्टी मारली. पाहुण्यानं टोपी चाचपून सरळ केली. ती त्याला बरोबर बसली होती.

पोलंडवालीनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर जाड चष्म्याचे एक वृद्ध गृहस्थ आले. मागं टेबल, त्यावरही एक जादाचं ताट. ती त्यांना एकच शब्द म्हणाली आणि फोन पाहुण्याकडं वळवला. म्हातारबाबा खुर्चीचा आधार घेत उठून उभे राहिले. ते बघून पाहुणाही उभा राहिला, टोपी-टॉवेलसकट. दोघं एकमेकांकडं नुसते बघत राहिले. मग तिथं पोलंडमध्ये बाबांनी चष्मा काढला आणि पुसला.

जेवण झाल्यावर तिनं चौथं ताट धुतलं. आम्हाला हात लावू दिला नाही. बराच वेळ धूत होती.

निघताना पाहुण्यानं अंगणात पुन्हा एकदा झाडाकडं हात केला, काहीतरी सांगायला सुरुवात केली, आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं, आणि हात खाली घेतला. सगळ्यांना मिठी मारून, डाळिंब कोटाच्या खिशात घालून तो गेला.

सकाळी मालकीणबाई परत आल्या. फाटकातून आत येता येता त्या शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलल्या आणि थेट स्वयंपाकघरात माझ्याकडं आल्या. बाकीचे दोघं अजून झोपले होते. बाईंनी जे सांगितलं ते मी त्या दोघांना सांगितलं नाही. त्याला आता वर्ष होत आलं; पोलंडवाली यंदाही जादाचं ताट मांडणार आहे, असा तिचा निरोप आहे. तेव्हा ती मराठी वाचत नाही हे बरंच आहे.

मी अंगणात गेले. झाडाला टेकवलेली शिडी उचलून कुंपणापाशी नेली. पलीकडं तो उभा होता, डोक्यावर कालचीच टोपी. त्याच्या छपराचे अर्धे पत्रे बसवायचे राहिले होते. शिडीचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं त्यानं धरलं.

काल संध्याकाळी तो तीच न्यायला आला होता.