दूर्वेवर मशीन

बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबा माझ्याकडे, बँकेच्या कॉलनीत राहायला आले. जुन्या शहरातल्या दूधविनायकच्या दाट गल्लीत त्यांचा सगळा जन्म फरशीवर गेलेला, त्यामुळे क्वार्टरपुढची माती बघून बाबा हरखून गेले. तिथल्या नदीवरच्या बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला भिंतीकडेने उगवलेली दूर्वा त्यांनी ओल्या पंच्यात गुंडाळून आणली आणि दारातल्या रुंद पानांच्या गवतात जागा करून लावली. आईच्या गणपतीला रोज घरची दूर्वा मिळावी, एवढीच हौस. रुंद गवत ते बसल्या बसल्या हाताने उपटत असत. दोन वर्षांत दूर्वा छान पसरली, आणि मग बाबा गेले.

आईने त्या दिवसापासून गवत कापायला बंदी घातली. टोक तुटलेली दूर्वा देवाला चालत नाही, हे एक कारण. बाबांनी लावलेल्याला कोणी हात लावायचा नाही, हे खरं कारण. पाऊस झाला तसं गवत गुडघ्याला लागलं. आई खूश. मला मात्र त्यात दूर्वा दिसेना. गवत बाजूला सारून पाहिलं, तर खाली पांढुरक्या, दोऱ्यासारख्या काड्या उन्हासाठी तडफडत होत्या. फाटकाजवळ, जिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली काहीच उंच वाढत नव्हतं, तिथे मात्र दूर्वा दाट होती.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. रुंद गवताचा सगळा जोर वर जाण्यात. दूर्वा जमिनीलगत सरपटते, तिचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, खालीच असतात. आखूड कापत राहिलं तर दूर्वा जगेल. नाही कापलं तर पुढच्या वर्षी बाबांचं काही उरणार नाही. मी गवत कापायचं, हाताने ढकलायचं मशीन विकत आणलं.

"अगं, बस कर!" आई व्हरांड्यातून ओरडली. "ह्यांनी लावलेली दूब आहे ती. मी कैंची लावू देत नाही आणि तू सरळ मशीन घेऊन आलीस?"

"आई, ती वाचवायलाच कापतेय."

"कापून कोणी वाचतं का? काहीतरीच!"

शेवटी वाटणी झाली. तुळशीकडची पट्टी आईची, तिथे मशीन जाणार नाही, बाकीची माझी. पहिल्या कापणीनंतर माझी बाजू इतकी पिवळी, भुंडी दिसली की शेजारीण विचारून गेली, काय जळलं का. आई बाजारातून दूर्वेची जुडी आणायची आणि मला दिसेल अशी ठेवायची. मला राग यायचा, भीतीही वाटायची, पण हट्टीपणात मी तिचीच मुलगी आहे. दर रविवारी चहा व्हायच्या आधी मशीन काढायचे आणि दोन बोटं उंची ठेवून कापायचे. रुंद गवत प्रत्येक वेळी जरा विरळ होऊन वर यायचं. मधल्या मोकळ्या जागेत दूर्वेच्या कांड्या शिरायच्या, मुळं धरायच्या आणि पुढे सरकायच्या. चतुर्थीआधीच्या शेवटच्या रविवारी मी मशीन मुद्दामच काढलं नाही. कोवळी टोकं येऊ दिली.

गणेश चतुर्थीला सकाळी आई सोवळ्यात तिच्या पट्टीत बसली. दोन्ही हातांनी गवत फाकवून शोधत राहिली. मी व्हरांड्यात उभी होते. बराच वेळ तिच्या परडीत काही पडलं नाही. मग ती उठली, माझ्या बाजूला आली आणि तीन पानांचे कोवळे कोंब एकेक खुडून तिने परडी भरली. भरल्यावरही ती उठेना. जमिनीवर हात टेकून नुसती बसली होती.

"माझ्या पट्टीतली ह्यांची दूर्वा मीच मारली गं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "संपलेली नाही आई, खाली काड्या आहेत अजून. उद्या कापते."

"उद्या कशाला? आत्ता काढ मशीन."

"अगं, पूजा? गुरुजी येतील इतक्यात."

"येऊ देत," आई म्हणाली आणि परडी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून तिने पदर खोचला. "गणपती थांबेल जरा."