पहिल्या रांगेतली खुर्ची

प्रा. वासंती पाटकर मॅडमची आणि माझी पहिली भेट ठाण्याच्या आमच्या कॉलेजात झाली, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला. विषय फौजदारी न्याय आणि सुधारसेवा. म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग आणि तिथून सुटल्यावर माणसाचं पुढे काय. मी बाळकुमच्या सायली भोईरच्या मागच्या बाकावर बसलेलो. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "विषय बघून आलास की बाक बघून?"

"बाक बघून, मॅडम."

"बस. खरं बोलणारा साक्षीदार हल्ली मिळत नाही."

मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे विद्यार्थी आज पोलिसात आहेत, वकिलीत आहेत. मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि नवरात्रात टेंभी नाक्यावर लायटिंग बांधतो. तरी मॅडमच्या गौरव अंकासाठी लिहितोय, कारण एक भांडण बाकी आहे. मॅडमच्या साठीच्या सत्काराला सायलीच्या दादाने येऊ नये, असं आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या गौरव समितीचं म्हणणं आहे. नीलेशदादा मारामारीच्या केसमध्ये शिक्षा भोगून सुटलेत.

मॅडम दरवर्षी वर्गाला तुरुंग दाखवायला नेत. आधी बजावत, "आपण प्राणिसंग्रहालयात चाललेलो नाही. नमस्कार करायचा, आपलं नाव सांगायचं, मग त्यांचं विचारायचं." आमच्या वर्षी नीलेशदादा तिथल्या सुतारकामाच्या शेडमध्ये आहेत, हे मॅडमना माहीत होतं. आदल्या दिवशी त्या सायलीला म्हणाल्या, "तुला आत यायचं नसेल तर मीही बाहेर थांबते." सायली आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "हा माझा दादा." मॅडम पुढे झाल्या, हात जोडले आणि पालकसभेत सांगावं तसं म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचे पेपर छान असतात हं."

दुसऱ्या दिवशी एकाने तिला "कैद्याची बहीण" म्हटलं. मी त्याची कॉलर धरली. कॉलेजने माफीनामा मागितला, मी दिला नाही, स्वतःच नाव काढून घेतलं. मॅडम दुखऱ्या गुडघ्याने मोहन्याला आमच्या घरी जिने चढून आल्या. आईच्या हातचा चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "तू हिरो झालास. तिला रोज त्याच वर्गात बसायचंय. तिचं काय?" मॅडमनी त्या मुलाला आणि सायलीला एकाच प्रकल्पावर बसवलं. वर्ष संपताना त्याने तिची माफी मागितली. माझी नाही मागितली. चालेल.

आता समिती म्हणते, मंगल प्रसंग आहे, लोक काय म्हणतील. लोक म्हणजे कोण? आपणच ना? शिक्षा संपली की माणूस मोकळा, यावर पानं भरून मार्क घेतले ते आपणच.

तणतणत मॅडमकडे गेलो. सायलीही होती. मॅडम वाल सोलत होत्या.

"मॅडम, बघा ना काय चाललंय."

"बघितलं. नीलेशला पहिल्या रांगेत खुर्ची नसेल तर मी त्या दिवशी घरी आहे. पिठलं-भात करते. तुम्ही तिघं या."

"हा दोन ताटं जेवतो, मॅडम," सायली माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. (ती मला अजून हो म्हणालेली नाही. नाहीसुद्धा म्हणालेली नाही.)

तर समितीने ठरवावं. मी नीलेशदादांना घेऊन सभागृहाकडे निघणार. दारात अडवलंत तर आवाज चढवणार नाही, रिक्षा वळवू. सत्कारमूर्ती पिठल्यापाशी भेटतील.

मॅडम, सुटलेल्या माणसाच्या शेजारी बसायला आम्ही सगळे शिकेपर्यंत तुम्हाला निवृत्ती नाही. आमचा वेग तुम्ही बघताय. म्हणजे बरंच जगावं लागेल. गुडघे सांभाळा.