पांढऱ्या गाडीवरचे डाग

गाडीवर धूळ आणि माझ्या नावावर किस्से, दोन्ही न बोलावता जमतात. धूळ निदान धुऊन जाते. किस्से वाळूजच्या आमच्या कंपनीत चहाबरोबर फिरतात आणि संध्याकाळपर्यंत सिडकोत बायकोच्या कानावर पोचतात.

*

नवीकोरी पांढरी गाडी, आणि महिनाभरात तिच्यावर बारीक तांबडे ठिपके! गाडी गंजली म्हणून शोरूममध्ये जाऊन मी तावातावानं भांडलो. मग माझ्याच खात्यातल्या शेखनं विचारलं, गाडी लावतोस कुठं? मी ती लावायचो ग्राइंडिंगच्या शेडला चिकटून. तिथला लोखंडाचा कीस उडून रंगात रुतत होता आणि तिथंच गंजत होता.

सावलीची ती जागा मी वॉचमनशी हुज्जत घालून मिळवली होती!

*

ठिपके काढायला शेखनं क्ले दिला. कणकेसारखा गोळा असतो. ओल्या पत्र्यावरून फिरवला की रुतलेली घाण उचलतो. माझ्या हातून तो खाली पडला. मी उचलला, फुंकर मारली आणि परत फिरवला. दारावर ओरखडेच ओरखडे!

"घरी कणिक खाली पडल्यावर काय करतो रे तू?" शेखनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून तो आमच्याकडं जेवायला येत नाही.

*

वेरूळच्या रस्त्यावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि बॉनेटचा टवका गेला. तिथं काडीच्या टोकानं रंगाचा एक टिपका द्यायचा असतो. मी ब्रशनं मनसोक्त दिला.

दुसऱ्या दिवशी सुनीता, म्हणजे माझी बायको, कबुतराच्या नावानं बोटं मोडत तो टिपका ओल्या फडक्यानं घासत होती.

*

मग मी गाडीला कोटिंग करून घेतलं आणि घरात फर्मान काढलं, कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

पोळ्याला सासरी, पिशोरला गेलो. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उन्हाळ्यात बैलजोडी विकलेली. रिकाम्या गोठ्याचा हा पहिलाच पोळा, म्हणून सुनीताला वाटभर वडिलांची काळजी. मला काळजी फक्त रंगाची. गाडी गोठ्याच्या सावलीत लावली, तेच फर्मान तिथंही ऐकवलं आणि आडवा झालो.

उठून पाहतो तर पांढऱ्या गाडीच्या दोन्ही अंगांना गेरूचे पंजे, बॉनेटवर बैलाची जुनी झूल, आरशांना गोंडे. आणि मामा बंपरपुढं पुरणपोळी धरून उभे!

शिवी अगदी ओठांवर आली होती. मामांचा चेहरा बघितला आणि गिळली.

वेशीकडं निघालेल्या बैलांच्या मागं मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली. मामा बॉनेटवर हात ठेवून शेजारून चालत होते. पुढं ताशा कडाडला, तसे ते माझ्या खिडकीशी वाकले.

"दमानं घ्या, जावईबापू. पयलाच पोळा हाय तिचा. बुजंल."