पन्नाशीत अंगठे धरा

मंडळी, शाळेत गृहपाठ केला नाही की गुरुजी अंगठे धरायला लावायचे. आज आमच्या शिरूरच्या कारखान्यात पन्नाशीच्या माणसांना तीच शिक्षा झाली, वीस वर्षं राबल्याबद्दल. नाव मात्र फिटनेस टेस्ट.

पॅकिंगमधल्या केंदूरच्या मामांची बोटं गुडघ्याखाली जाईनात.

साहेब म्हणाले, "मामा, योगा करत नाही का?"

"लागलो तवा वाकत हुतो, साहेब. वीस वर्षं तुमची खोकी उचलली, योगा कवा करनार?"

"उद्यापासून येऊ नका."

निकालाची यादी भरायला मीच होतो. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही अंगठे धरून दाखवा."

पोट सावरत म्हणाले, "माझं काम खुर्चीतलं आहे. तुम्ही यादी भरा."

संताप साहेबांचा आला, पण मामांच्या नावापुढे 'अनफिट' लिहिलं मीच. तुम्ही लिहिलं असतं?