थेंबातला नाच

त्या दुपारी मी आमच्या गावातल्या विज्ञान केंद्रात सहज शिरले होते. आयुष्यभर सूक्ष्मजीवांवर संशोधन केलेल्या सरांनी राहतं घर विकून ते सगळ्यांसाठी उभारलं होतं. दारावर स्वतःचं नाव मात्र लावू दिलं नव्हतं.

खिडकीपाशी सर तळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसले होते. समोरच्या दवाखान्यात नंबर लावून आलेल्या एक मावशी दारात घुटमळल्या.

"आत आलं तर चालंल का?"

"या ना. तुमचंच आहे."

एक डोळा मिटून मावशींनी आत पाहिलं आणि त्या हरखल्याच. "अगं बाई! ह्ये तर नाचत्यात!"

सर स्वतः वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. "खरंच की," ते हळूच म्हणाले, "मला इतकी वर्षं नुसते हलताना दिसत होते."

ऊन टेबलावरून संथ सरकत होतं. सर्वस्व देऊन टाकल्यावर माणूस रिकामा होत असेल, असं मला वाटायचं. इथे तर सरांचा चेहरा नुकतंच काहीतरी मिळाल्यासारखा उजळला होता.

"सरा बाजूला, मला बघू द्या," मावशी म्हणाल्या, आणि सर हसत बाजूला सरकले.